गळ्यातली सवत

१२ फेब्रुवारी १९९८, गुरुवार

नातीचं, भाग्याचं जमलं! देवा बिरप्पा, जमलं एकदाचं! मुलगा हैद्राबादला कंपनीत लागलेला, घर हुलसूरचं, मागणं काही न्हाई. आखितीच्या मुहूर्तावर बार उडवायचा ठरला. तिच्या बापाला, योगीराजला, पुण्याला फोन लावला, दुकानात उभं राहून. "आई, ओरडू नको, ऐकू यायलंय," म्हणतो! लेकाच्या पोरीचं लगीन ठरलं तरी ओरडायचं न्हाई तर मग कधी ओरडायचं?

आनंदात एक भाकरी जास्तीच गेली. पहिला घास अर्थात बाईला. बाई म्हणजे माझी सवत. ती गळ्यात असते. चांदीचा टाक आहे, रुपयाएवढा, वर एक बाई ठसवलेली, हात खाली सोडून उभी. बिजवर नवरा असला की दुसरीनं मेलेल्या पहिलीचा टाक घालायचा, ही रीत. नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग आपण नेसायचं. आंब्याची पहिली फोड तिला. हुरड्याची पहिली मूठ तिला. मी पंधराची होते घातला तेव्हा. आता केस कापसासारखे झाले, पण माझ्याआधी जेवायचं काही बाई सोडत न्हाई.

एकच बोचतंय. देवक. आमच्यात देवक घरातल्या थोरल्या जोडप्यानं आणायचं. तिन्ही लेकरांच्या लग्नात काय झालं? पाटावर हे, शेजारच्या पाटावर तांदळाच्या ढिगावर टाक, आन् मी मागं, ह्यांच्या उपरण्याचं टोक धरून. पहिलीचा मान! फोटो आहेत. फोटोत माझं नुसतं कोपर आलंय.

औंदा तरी शेजारी बसावं वाटतं. पुन्हा कुठलं लगीन आमच्या वाट्याला?

१४ फेब्रुवारी

ह्यांना विचारलं, "देवकाला मी बसू का शेजारी?"

गप्प.

मुक्या सिनेमातनं आले ती सवय घरी घेऊन आले, असं माझी सासू म्हणायची. मेंढरांशी मात्र तासतास बोलतात. "हुर्र, चल गं माझी बाय, पाय दुखायला व्हय?" मेंढीचा पाय दुखलेला कळतो!

नव्वदीला आलेत पण अजून आरशाशिवाय बाहेर पडत न्हाईत. काष्टा असा बसवतात की मंत्र्यालाही जमणार न्हाई.

१९ फेब्रुवारी

भाग्या म्हणाली, आज्जी, अज्जाचं सगळं लिहून ठेव, माझ्या पोरांना लागंल. अक्षर मला साक्षरतेच्या वर्गात आलं, तेबी उतारवयात. हात दुखतो. तरी लिहिते.

तर हे मेंढरं वळता वळता पळाले. विशीसुद्धा नव्हती. मुंबईला एका सिनेमा कंपनीत घोडे धुवायला लागले. तिथं कुणीतरी बघितलं — हे रूप, हे डोळे, आन् कोकरू खांद्यावर टाकावं तसा माणूस उचलून खांद्यावर टाकतात! झाले हिरो. मास्टर चंद्रहास. हे पडद्यावरचं नाव मी खुशाल घेते. खरं नाव घेत न्हाई, बायकोनं कसं घ्यावं?

मुका सिनेमा, त्यामुळं बोलायचं कामच न्हाई. नुसतं बघायचं. आन् ह्यांनी बघितलं की बाया गार! काडेपेटीवर ह्यांचं चित्र होतं. बीदरचा न्हावी भिंतीला ह्यांचा फोटो लावून तसाच भांग पाडून द्यायचा. मोठ्या जहागीरदाराच्या बेगमा पडद्याच्या टांग्यातनं तंबूत यायच्या. उदगीरच्या जत्रेत एका बाईनं पडद्यालाच ओवाळलं म्हणे, तबक पडद्याला लागून जाळ व्हायची वेळ आली!

मग बोलका सिनेमा आला. भोंग्यासमोर उभं केलं. ह्यांनी आपलं तोंड उघडलं — "कामून चाललीस गं, मी मरायलोय की!" सगळे हसले म्हणे. झालं. काठी घेऊन परत गावाला, ठाणाकुशनूरला. मेंढरांना भाषा कळते.

आता सवतीचं. त्याच उदगीरच्या जत्रेतल्या तंबूत आमच्या भाऊकीतले म्हातारे बैलगाडीनं गेले होते, आपला पोरगा बघायला. पहिल्यांदाच सिनेमा बघितला. काय बघितलं? पोरगा एका देखण्या बाईसंगं एका घोंगडीवर बसलाय आन् वरून भंडारा उधळलाय. आमच्यात घोंगडीवर बसून भंडारा पडला की लगीन लागलं! बामण असो नसो. आन् पुढं तिला नाग चावला, ती मेली. म्हातारे रडत घरी आले. पोरानं न सांगता लगीन केलं, सून तोंड न दाखवता गेली!

हे परत आल्यावर पंचांनी विचारलं, "सिद्धा, झालं होतं व्हय लगीन?" (हे पंच म्हणाले, मी न्हाई.) हे गप्प. गप्प म्हणजे होकार. बिजवर ठरले. मला टाक मिळाला.

मी किती वेळा विचारलं! नवी होते तेव्हा, लेकरं झाल्यावर, सासू गेल्यावर. "खरंच बायको होती का हो?" उठायचे, घोंगडी झटकायचे, बाहेर जायचे.

१ मार्च

बीदरच्या कॉलेजातले प्रणेश सर आले. बामणाचा पोरगा, चष्मा, बोलणं साखरेचं. पुण्याच्या लोकांना कुठल्याशा गोदामात जुन्या सिनेमाचे डबे सापडले. त्यात ह्यांचा सिनेमा! सगळा न्हाई, पण बराच. त्याची कॅसेट करून मागवलीय.

सर ह्यांच्या पाया पडले. हे आरसा शोधायला लागले.

"सर," मी विचारलं, "त्यात लगीन आहे का?"

"आहे की आज्जी."

मी टाक पदराखाली सारला.

८ मार्च, रविवार

आनंद झालाय की भीती वाटायलीय ते कळत न्हाई. सगळं लिहिते.

देवळाच्या सभागृहात टीव्ही मांडला. भर दुपारी दारं-खिडक्या लावल्या, चवाळं टांगलं. अख्खं गाव आत, घामाचा पूर! पहिला मान पंचांचा. जगदेवप्पा कारभारी सगळ्यात पुढं, काठी घेऊन.

आन् हे आले पडद्यावर. घोड्यावरून. अगं बाई!

मला मिळाले तेव्हा तिशी उलटलेले, उन्हानं रापलेले. हे बावीस-तेवीसचे कधी बघितलेच नव्हते मी! भाग्या ओरडली, "अज्जा, काय दिसायलाव हो तुम्ही!" पोरींनी शिट्ट्या मारल्या, पोरींनी! ह्यांच्याकडं बघितलं तर मान ताठ, मिशीला हात. मी लाजले. या वयात! बाजूची ईरम्मा म्हणाली, "नागूअक्का, पदर तोंडावर कामून घ्यायलीस, तुझाच हाय की तो!"

मग ती आली. माझी सवत. इतकी वर्षं गळ्यात हिंडवली, तोंड आज बघितलं. टाकावरची बाई नुसती उभी असते. ही हसली की गालाला खळी पडत होती. मला वाटलं होतं राग येईल. उलट मनात आलं — बाई गं, तुला आंबा दिला तो वाया न्हाई गेला.

घोंगडी अंथरली. दोघं बसले. भंडारा उधळला. जगदेवप्पा म्हणाले, "बघितलं? आपले म्हातारे खोटं बोलले न्हाईत."

नागानं चावल्यावर बाया डोळे पुसायल्या. मी टाक मुठीत धरला.

तेवढ्यात सर म्हणतात, "आज्जी, रडू नका. या बाई अजून आहेत. गुलबर्ग्याला असतात. मिस केवडा हे सिनेमातलं नाव, खरं नाव यल्लम्मा."

सभागृहात एकच गलका!

"जित्या बाईचा टाक?" जगदेवप्पा उठले. "नागूबाई, काढ तो आधी! पाप हाय!"

मी काढायला लागले तर गुंडप्पा पंच म्हणतो, "थांब! काढला म्हंजी ती जिती पहिली बायको झाली. मग ही कोण?"

सर हसायला लागले. "अहो अण्णा, ते शूटिंग होतं. खोटं लग्न."

"सर," जगदेवप्पा म्हणाले, "घोंगडी खरी व्हय?"

"हो, पण—"

"हळद खरी व्हय? बसलेले दोघं खरे व्हय? मग खोटं काय ऱ्हायलं, तेवढं सांगा."



९ मार्च

मेलेली सवत बरी होती! गप जेवायची.

१३ मार्च

पंच बसले. निकाल लागला — गुलबर्ग्याला जायचं. त्या बाईनं पंचांसमोर काडी मोडायची. काडी मोडली की नातं तुटलं. मग टाक उतरायचा, आन् आखितीला मी शेजारी बसायचं. न्हाई मोडली तर पाटाचा मान तिचा. तिला बोलावून आणून बसवा म्हणाला गुंडप्पा. हसत म्हणाला, पण पंचाचं हसणं ते!

ह्यांना विचारलं, "येणार व्हय?" उठले, धोतराला इस्त्री करायला सांगितली.

नव्वदाव्या वर्षी इस्त्री!

२४ मार्च, मंगळवार

आत्ताच आलो. पाय सुजलेत पण लिहिल्याशिवाय घास उतरणार न्हाई.

पहाटेची बस, बीदर, हुमनाबाद, गुलबर्गा. हे, मी, भाग्या, जगदेवप्पा, आन् वाट दाखवायला सर. जगदेवप्पांनी काडी फडक्यात गुंडाळून घेतली होती. गुलबर्ग्यात काडी मिळणार न्हाई की काय! सगळ्या वाटेत मी बिरप्पाला नवस बोलायले. ती न्हाई म्हणाली तर? "नवरा माझा" म्हणाली तर? रडली तर? माझ्या नातीच्या मांडवात माझ्या जागी येऊन बसली तर?

खाली पिठाची गिरणी, वर खोली. दार भाचीनं उघडलं, चन्नव्वा तिचं नाव. आत पलंगावर एक म्हातारी, काठीसारखी, जाड भिंगाचा चष्मा, दातात मिश्री. खळी कुठं असते म्हणून मी बघायले, तिथं नुसत्या सुरकुत्या!

जगदेवप्पांनी सगळं सांगितलं, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. ती ऐकत राहिली. मग हसायला लागली. अशी हसली की चन्नव्वानं पाणी पाजलं तेव्हा कुठं थांबली.

"अप्पा," ती म्हणाली, "सिनेमात माझी डझनभर लगनं झाली. येकदा तर राक्षसाशी झालं. सगळ्यांना काडी मोडत बसले तर घरात झाडू ऱ्हायचा न्हाई की!"

"त्यांचं त्यांच्यापाशी, अक्का. आमचं घोंगडीवरचं हाय."

ती ह्यांच्याकडं वळली. भिंग वर करून बघितलं, खाली करून बघितलं. मग चन्नव्वाला विचारते, "कौन है ये बुड्ढा?"

देवा! माझ्या छातीवरचा दगड तिथंच पडला, गिरणीत पीठ झाला! जिनं नवरा ओळखला न्हाई ती कुठली बायको?

हे काही बोलले न्हाईत.

"मुका है क्या?" ती म्हणाली. भाग्या फिसकन हसली. मी पण हसले, खोटं कशाला लिहू.

जगदेवप्पांनी फडकं सोडलं. "दोघांनी दोन्ही टोकं धरा." ह्यांनी हात पुढं केला. केला न केला, तेवढ्यात बाईनं काडी ओढून घेतली आन् टकदिशी मोडली, एकटीनं. "हो गया. चा घेणार का सगळे?"

"एकानं मोडली तरी मोडलीच," जगदेवप्पा म्हणाले.

चहा झाला. तिनं मला जवळ बसवलं. टाक हातात घेतला, डोळ्याजवळ नेला. "ही मी? सोनारानं नाक बसकं काढलंय माझं!"

"बाई, मी तुम्हाला पहिला घास दिल्याशिवाय कधी जेवले न्हाई."

"काय काय दिलंस?"

सांगितलं. आंबा, हुरडा, पुरणपोळी, बाळंतपणातला डिंकाचा लाडू, दुष्काळातली मिलोची भाकरी.

"तरीच!" ती म्हणाली. "एवढं कशी जगले म्हणून डॉक्टर डोकं खाजवायलाय."

टाक मी उतरवला. पाण्यात सोडायचा असतो. पण तिनं मूठ उघडली न्हाई. "असू दे माझ्यापाशी. माझं चित्र माझ्याकडं एकबी न्हाई." दोरा गळ्यात घातला आन् बसली! मी लग्नाला बोलावलं. गुडघे दाखवले तिनं.

बसमध्ये मी एकटीच बडबडले. ह्यांना विचारलं, "काय हो, विसरली की तुम्हाला, वाईट वाटलं का?" ह्यांनी मला शेंगा घेऊन दिल्या. सगळ्या सोलून दिल्या हातावर. कधी दिल्या होत्या असं आठवत न्हाई.

मान हलकी लागायली. रुपयाएवढी चांदी, पण वजन किती होतं!

२८ मार्च — पाडवा

श्रीखंडाचा पहिला घास गळ्याकडं नेला. तिथं कुणीच न्हाई. खाल्ला मग. गोड होता.

३० एप्रिल

झालं! काल झालं लगीन! भाग्या गेली सासरी, घर रिकामं, पण मी रडले न्हाई फार. आधी देवकाचं लिहिते.

मी शेजारी बसले. पाटाला पाट. हे नव्वद, मी बहात्तर, आन् बाया गाणी म्हणतात नव्या नवरीची! ईरम्मा म्हणते, "नागूअक्का, नाव घे!" मी म्हणलं, घेते. आयुष्यात पहिल्यांदा नाव घेतलं, दणकून, चारचौघांत:

"अंगणात पसरली हुरड्याची कणसं,
... रावांच्या शेजारी बसले, मोजा आता माणसं!"

(लिहिताना गाळलं. तोंडानं घेतलं तेवढं पुरे.)

उठताना माझा गुडघा धरला. ह्यांनी कोपराखाली हात घातला आन् उठवलं. व्हिडिओवाल्यानं टिपलं. याही खेपेला माझं कोपर आलंय, पण ह्यांच्या हातात आलंय!

योगीराज म्हणाला, "आई, नवरीपेक्षा तूच जास्त हसायलीस." हसणारच! देवा, आता उचललंस तरी तक्रार न्हाई. म्हणजे लगेच उचलू नको.

२१ जून

प्रणेश सरांनी पेपरात लिहिलं. ह्यांचा घोड्यावरचा फोटो आला. आता रोज कोण ना कोण येतंय. काल बीदरहून कॉलेजच्या पोरी आल्या, जीपमधून! "आजोबा, सही द्या ना." ह्यांनी प्रत्येकीच्या वहीत मास्टर चंद्रहास लिहून दिलं, शेपटी काढून. एकीनं विचारलं, "तुमची हिरॉईन कशी होती?"

हे गप्प.

मीच सांगितलं, "मोप हसरी होती. नाक चांगलं होतं." पोरींनी माझापण फोटो काढला. मी बायको म्हणून. एकटी बायको!

१२ जुलै

चन्नव्वाचा फोन होता दुकानात. बाईंनी विचारलंय, औंदा आंबा कसा होता. सांगितलं, खोबऱ्यासारखा. डझनभर पाठवायला पायजे होते, मेलं सुचलंच न्हाई.

२ ऑगस्ट

चन्नव्वाचा फोन आला. यल्लम्माबाई काल गेल्या. झोपेतच.

मी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी उठून न्हाव्याला बोलावणं धाडलं. अंगणात उघड्या अंगानं बसले. डोकं, मिशी, सगळं उतरवलं.

मी म्हणलं, "अहो, काडी मोडली की. पंचांसमोर मोडली. तुम्हाला सुतक न्हाई."

हे म्हणाले, "तिनं मोडली. मी न्हाई."

मी हौदावर गेले. दोन घागरी भरल्या. एक त्यांच्या डोक्यावर ओतली, एक माझ्या.